मिरीकरांची वायर

मिरजेच्या प्रमिलाताई होनपांकडे दर रविवारी चहा आणि एक जुनी टेप ठरलेली. कधीकाळी त्यांच्याच घरी रंगलेल्या गाण्याच्या बैठकीची. स्पीकरला दिव्याची साधी वायर, यजमानांनी स्वतः जोडलेली. यजमान गेले, वायर राहिली.

एका रविवारी पुण्याचे मिरीकरसाहेब आले आणि वायर बघून हसले. गाडीतून त्यांनी आपली जाडजूड परदेशी वायर आणून जोडली. "फरक कळला, तर जुनी आजच कचऱ्यात," ते म्हणाले.

टेप सुरू झाली. मिरीकर वायरीतल्या चांदीचं महत्त्व सांगत राहिले, मंडळी माना डोलवत राहिली. प्रमिलाताई मात्र जुन्या वायरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसल्या होत्या.

"काय ताई, पडला ना फरक?"

"पडला. तान समेवर आली, की ह्यांचा 'वा' ऐकू येतो. आज आला नाही."

मिरीकर चपापले. "शक्य नाही. ही वायर काहीच गाळत नाही."

"वायरीनं नाही गाळला. तेव्हा तुम्ही तिची किंमत सांगत होतात."

टेप पुन्हा लावली. वायर नवीच होती, फक्त मिरीकर गप्प होते. समेवर होनपांचा 'वा' अगदी लख्ख आला.