विसावा कुणाचा?

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक म्हातारा आणि त्याची म्हातारी राहत होती. म्हाताऱ्याच्या पायाला जन्माची भिंगरी. केस पिकले, दात गेले, पण चाल तसूभर कमी झाली नाही. म्हातारीचे गुडघे मात्र कुरकुरायचे. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जाताना ती दोनदा भिंतीला हात लावायची.

गावामागच्या रानातून एक पायवाट वर कड्यावर जात असे. वाट काही लांब नव्हती, पण करवंदीच्या जाळ्यांतून वळत वळत जायची, म्हणून तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. म्हातारा रोज सकाळी कड्यावर जायचा, पलीकडच्या खोऱ्यावर एक नजर टाकायचा आणि न्याहारीच्या आत परत यायचा. "हा काय, इथंच तर आहे!" असं तो ज्याला त्याला सांगायचा.

त्या पलीकडच्या खोऱ्यात म्हातारीचं माहेर होतं. तिची थोरली बहीण, आक्का, त्याच गावात दिलेली. गाडीवाटेने जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा पडे, तेव्हा दोघी बहिणींची भेट कित्येक वर्षांत नव्हती. त्यात यंदा आक्का तापाने अंथरुणाला खिळली आणि म्हातारीच्या घशाखाली घास उतरेनासा झाला.

एके दिवशी गावात बांगड्या भरायला कासार आला. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या आक्कांचा निरोप आहे. पुनवेच्या सकाळी त्या न्हाणार आणि आपलं पिवळं लुगडं अंगणातल्या मांडवावर वाळत घालणार. कड्यावरून दिसलं, तर समज म्हणाल्या, मी बरी झाले."

पुनव उजाडली. म्हातारीने भाकरी बांधून घेतली आणि दोघं निघाली. म्हातारा म्हणाला, "पाय उचल बरं का! ऊन चढलं की धुकं वर येतं, मग कड्यावरून काही दिसत नाही." आणि निघाला तरातरा, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून निघावा तसा.

पहिल्या वळणावर तो एका खडकावर बसला. घाम पुसला, कनवटीचे फुटाणे खाल्ले, ताजातवाना झाला. तेवढ्यात म्हातारी धापा टाकत पोचली. ती टेकते न टेकते तोच हा उठला. "चला, झाला विसावा!"

"कुणाचा?" म्हातारीने विचारलं. पण म्हातारा पुढच्या वळणावर पोचलासुद्धा!

पुढच्या वळणावर तेच झालं. त्याच्या पुढच्याही वळणावर तेच. हा बसायचा, ती पोचली की उठायचा. शेवटी एका जांभळीखाली म्हातारीने बैठकच मारली.

"अहो, तुम्ही व्हा पुढं. लुगडं दिसलं की मला येऊन सांगा. माझ्यानं आता पाऊल उचलवत नाही."

म्हाताऱ्याला ते पटलं. किती सोपं! तो एका दमात कड्यावर पोचला. खोरं लख्ख दिसत होतं. देवळामागच्या आक्काच्या अंगणात चिमूटभर हळद सांडावी तसं काहीतरी पिवळं होतं. म्हातारा हरखला. मागे वळून ओरडला, "अगं, बघ! दिसलं!"

मागे कुणीच नव्हतं.

म्हातारा तिथेच थबकला. आजवर तो इथे एकटाच येत आला होता आणि त्याला कधी चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि फार वाटलं. तो आल्या पावली खाली उतरला.

"दिसलं?" म्हातारीने विचारलं.

"दिसलं. पिवळंधमक!"

म्हातारीने डोळे पुसले. "देव पावला. चला आता घरी."

"घरी कशाला? बहीण तुझी आणि लुगडं मी बघायचं, हे कुठलं गं? ऊठ. नाही, नको उठूस. आधी तुझा विसावा होऊ दे. आणि आता तू पुढं चाल. तू बसशील तिथं मी बसेन."

मग म्हातारी पुढे आणि म्हातारा मागे. खालून धुकं चढताना दिसत होतं. म्हाताऱ्याचे पाय नुसते शिवशिवत होते, पण त्याने तोंडातून ब्र काढला नाही. ती बसली की तो बसला, ती उठली की उठला. आणि दोघं कड्यावर पोचली तेव्हा सगळं खोरं धुक्याने भरून गेलं होतं. लुगडं सोडाच, समोरचं झाडही दिसेना.

म्हातारा मटकन खाली बसला. "मीच घालवलं बघ. सुरुवातीपासून तुझ्याबरोबर चाललो असतो, तर तू इतकी दमली नसतीस आणि आपण वेळेत पोचलो असतो. माझ्या घाईनंच उशीर केला."

"बसा हो निवांत," म्हातारी म्हणाली. "आपली काय गाडी सुटतेय?" तिने भाकरी सोडली. दोघांनी ठेच्याबरोबर खाल्ली. म्हातारी आक्काच्या लहानपणीच्या खोड्या सांगत राहिली आणि म्हातारा हसत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यातल्या अर्ध्या गोष्टी त्याने ऐकल्याच नव्हत्या.

उन्हं कलली, वारा सुटला आणि धुकं हळूहळू विरलं. म्हातारा काही मान वर करेना. "सकाळी वाळत घातलेलं लुगडं आत्तापर्यंत कोण ठेवतंय? केव्हाच वाळून घडी झाली असेल."

पण म्हातारी उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा असा फुलला की म्हाताऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग खोऱ्याकडे. देवळामागच्या अंगणात पिवळं लुगडं तसंच होतं.

"अगं, आक्काने अजून काढलं नाही?"

"कसं काढेल?" म्हातारी म्हणाली. "तिला ठाऊक आहे, मी हळू चालते."

म्हाताऱ्याने तिचा हात धरला. उतरताना तो अर्थातच मागे होता. गावात आल्यावर म्हाताऱ्याने ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली आणि तेव्हापासून त्या गावाने एक रीत धरली. वाटेत माणसं विसाव्याला बसली, की सगळ्यांत शेवटी जो टेकतो, तो उठल्याशिवाय कुणी उठत नाही.

तात्पर्य: पुढे पोचलेल्याने आपला थकवा गेला म्हणून उठू नये; मागचा माणूस येऊन टेकला, की खरा विसावा तिथून सुरू होतो.