नदीचं तिकीट

चूक म्हाताऱ्याचीच होती, हे आधीच सांगितलेलं बरं. फार वर्षांपूर्वी कुंदाताईंच्या अल्बममध्ये राजाचं चित्र असलेलं एक म्हातारं टपाल तिकीट राहायचं. ते कधी पत्रावर लागलं नव्हतं. पाठीवरचा डिंक जसाच्या तसा होता आणि अख्ख्या पानावर ते एकटं होतं.

एके दिवशी शेजारी नवं तिकीट आलं. त्यावर एक नदी होती. तिच्यावर कुणाला धरण बांधू दिलं नव्हतं, म्हणून तिचं तिकीट निघालं होतं.

"आजोबा, मी इथे राहायला नाही आले," ती म्हणाली. "ताई बहिणीला पत्र लिहितायत. बहीण माझ्याच काठावर राहते."

"शिक्क्याने तोंड काळं करून घ्यायचंय?" म्हातारा खेकसला. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. गप पडून राहा."

"तुम्ही राहिलात ना गप पडून? कोण विचारतं तुम्हाला?"

मोठ्यांकडे उत्तर नसलं की ते वाट अडवतात. म्हातारा सरकून तिच्यावरच पडला. दमट हवेत डिंक ओलावला आणि ती त्याच्या पाठीला घट्ट चिकटली. जन्मात पहिल्यांदा त्याला सोबत मिळाली.

पत्र लिहून झाल्यावर ताईंनी दोघांना सोडवायला कोमट पाण्यात टाकलं. नदी हसत सुटी झाली. ताईंनी तिला खळ लावून पाकिटावर डकवलं आणि ती गेली.

म्हातारा वाळून पुन्हा पानावर आला. त्याच्या पाठीचा डिंक धुऊन गेला होता. त्यानंतर तो कशालाच चिकटू शकला नाही.