वॉर्ड नंबर नऊचे सतरा उमेदवार

“बुवा, त्या सोळा जणांना अर्ज मागे घ्यायला सांगणार की नाही?”

रंगनाथ कोळपकर घाम पुसत मठाच्या पायरीवर टेकला. वॉर्ड नंबर नऊ. नगरसेवकाची खुर्ची एक आणि उमेदवार सतरा! सगळे बुवांचेच शिष्य. अर्ज मागे घ्यायची मुदत आज तीनला संपत होती. एवढ्या गर्दीत मतं फुटली की आपण आपटलोच, या धास्तीने बिचाऱ्याला जेवण गोड लागत नव्हतं.

निरंजनबुवा शेंगा सोलत होते.

“तूच का रिंगणात राहायचं?”

“म्हणजे काय! माझ्यावाचून वॉर्डाचं पान हलत नाही, बुवा.”

“असं?... मग तू पडलास तर ज्याचं अडेल असा एक माणूस घेऊन ये. लगेच सांगतो सगळ्यांना. त्या सोळा जणांनाही हेच सांगितलंय. गेलेत, अजून कुणी परतलं नाही.”

“एक? शंभर आणतो!”

रंगनाथ तावातावाने निघाला. चहावाला म्हणाला, “पडलात तर काय, चहा प्यायला याल की.” सख्खी बायको म्हणाली, “पडा एकदाचे, घरी तरी दिसाल.” रंगनाथचं तोंड एवढंसं झालं.

अडीचला तो परतला. सोबत फक्त त्याच्या वरच्या मजल्यावरची म्हातारी बायजाक्का. तीसुद्धा, “चल, बुवांनाच सांगते,” म्हणून स्वतः निघालेली.

“काय अक्का, हा पडला तर तुमचं अडेल?”

“छे! माझं कशाला अडतंय?”

“अहो अक्का...” रंगनाथ कळवळला.

“निवडून आला तर मात्र मेलेच मी! रोज पाणी आलं की हा खाली मोटर लावतो, नळी वर आणतो, माझं पिंप भरतो. बारा वर्षं झाली. नगरसेवक झाल्यावर येतोय होय? बुवा, पाया पडते तुमच्या, याला पाडा!”

रंगनाथ ओशाळून गेला. पिंपाची गोष्ट इतक्या भाषणांत एकदाही त्याच्या तोंडी आली नव्हती. ती सांगण्यासारखी आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

“मग... मीच घेऊ का अर्ज मागे?”

बुवा खदखदून हसले. मूठभर शेंगदाणे त्यांनी रंगनाथच्या हातावर ठेवले आणि म्हातारीकडे वळले.

“अक्का, तुम्ही याला मत देऊ नका. पण हे गाऱ्हाणं अख्ख्या वॉर्डाला सांगून या.”