काळ्या डबीचं झाकण

"मग खोटं कोण बोलतंय मॅडम? तुकडा की मीटर?"

निनाद घोरपडे चिडला होता. चिडणारच! चार वाजता परीक्षक यायचे होते आणि पाच वर्षांचा प्रबंध अर्धवाहक पदार्थाच्या नखाएवढ्या एका तुकड्यावर येऊन अडला होता.

तुकडा तसा गुणी. त्याच्यावर उजेड कमीजास्त केला की वायरलेस सर्किटची फ्रीक्वेन्सी बदलायची, जुन्या रेडिओसारखी खुंटी पिळायला नको. निनादनं तो काळ्या डबीत बंद केला होता, सोबत मोजूनमापून एक बारीक दिवा. दिवा तोच, तरी आकडा दर खेपेला निराळा.

त्याच्या मार्गदर्शक इनामदार मॅडम स्टुलावर बसल्या. "घे माप. बघू दे."

निनादनं झाकण उचललं, दिवा लागलाय ना ते पाहिलं, झाकण लावलं, माप घेतलं. मग पुन्हा झाकण उचललं.

"दर खेपेला उघडतोस?"

"दर खेपेला. खात्री केल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही मॅडम. एवढी काळजी या विभागात दुसरं कोणी घेत नाही."

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं.

त्यांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, काळ्या डबीच्या झाकणावर ठेवला आणि तिथंच जेवायला सुरुवात केली.

"मॅडम... तो दिवा..."

"भेंडी आहे. घे."

निनाद भेंडी हातात धरून डबीकडे बघत बसला. मॅडम मात्र एकेक घास बत्तीस वेळा चावणाऱ्या. एक वाजला, दोन वाजले...

"दिवा विझला असला तर, मॅडम?"

"लोणचं घे."

अडीचला त्यांनी तोंड पुसलं. "आता माप घे. डबा हलवू नकोस."

आकडा आला. पुन्हा तोच आला. तिसऱ्यांदाही तोच.

निनादनं टेबलावरच्या उन्हाकडे पाहिलं, मग झाकणाकडे. उजेड गेला तरी हा पदार्थ तासभर तो विसरत नाही, हे प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात त्यानंच लिहिलं होतं. आपल्याच काळजीनं आपलं वाटोळं चाललं होतं! त्याला हसू आलं, डोळेही भरले. पाच वर्षांनी जीव भांड्यात पडला होता.

"पण मॅडम, आत दिवा नीट चाललाय, हे तुम्हाला न बघता कसं कळलं?"

"मला कुठं कळलं?" मॅडम डबा आवरत म्हणाल्या. "मी जेवत होते."