शांतवनची मूठभर माती

एका गावात एक भोळा घंटावाला होता. शांतवन त्याचं नाव. दर रविवारी तो ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवायचा. थांब म्हणेपर्यंत वाजवायचा. एकदा थांब म्हणायला सगळे विसरले, तेव्हा उपासना दुपारी सुरू झाली.

घरी तो आणि त्याची दीनाआत्या. दारात एक तांबडी शेळी. आत्याला दातच नव्हते, त्यामुळे तिचं जेवण म्हणजे त्या शेळीचं दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी.

एका शुक्रवारी शहरातून ब्रदर आमोस आले. मला आत्म्याने इथे आणलं, असं ते म्हणाले. पांढऱ्या गाडीतून उतरले तेव्हा ड्रायव्हरने दार धरलं होतं. शाळेच्या पटांगणात आठ दिवसांच्या सभा लागल्या. ब्रदर आमोस कर्ण्यातून म्हणाले, तुम्ही देवळात येता, गाता, घरी जाऊन मटण खाता. हे जगणं नव्हे. विपुल जीवन निराळं असतं. ते प्रकटीकरण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि रिकाम्या हाताने येणाऱ्याला प्रकटीकरण होत नाही.

शांतवन घरी आला आणि शेळी सोडायला लागला.

"कुठं निघालास?" आत्याने विचारलं.

"विपुल जीवन आणायला."

"मग मी खाऊ काय?"

शांतवनला ते सुचलं नव्हतं. शेवटी आत्याने तोड काढली. आपल्या देवळाचे पाळकसाहेब चाळीस वर्षं हेच शिकवतायत, आधी त्यांना विचार. आठ दिवसांत मिळालं तर शेळी राहील. नाही मिळालं तर शेवटच्या सभेला घेऊन जा.

शांतवन तडक पाळकसाहेबांकडे गेला. ते म्हणाले, "सोपं आहे. हात जोड, डोळे मीट आणि देवाकडे माग."

शांतवनने तिथेच हात जोडले, डोळे मिटले आणि मागत मागत घरी निघाला. वाटेत शेजारणीच्या कुरडया वाळत होत्या. तो या टोकाने शिरला आणि त्या टोकाने बाहेर पडला.

शेजारीण चुरा घेऊन, शांतवनला ओढत पाळकसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, "शांतवन, तेव्हा असं करायचं नसतं. डोळे उघडे ठेवावेत. कोण काय करतंय ते बघावं आणि मोठ्याने आवाज द्यावा."

"चुकलं," शांतवन म्हणाला. "पुढच्या वेळी तसं करतो."

पुढची वेळ रविवारी आली. पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू. सगळ्यांनी डोळे मिटले. शांतवनने उघडे ठेवले आणि आवाज दिला, "साळवे गुरुजी झोपलेत. पंच रणदिवे मोबाइल बघतायत. पाळकसाहेब, तुम्ही घड्याळ बघताय."

आमेन जरा लवकरच झालं.

"शांतवन, तेव्हा असं करायचं नसतं. दुसऱ्याचं सांगू नये. चार लोकांत उभं राहावं आणि आपली चूक कबूल करावी."

"चुकलं. पुढच्या वेळी तसं करतो."

मंगळवारी पंच रणदिव्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. शांतवनला शिरा ढवळायला बसवलं होतं. पाहुण्यांच्या पंगती बसल्या. नवऱ्या मुलाच्या बापाने पहिला घास तोंडात घातला आणि शांतवन उभा राहिला.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "शिऱ्यात पाल पडली होती. मी ती काढली आणि कोणाला सांगितलं नाही."

साखरपुडा मोडला नाही. पण पाहुणे जेवलेही नाहीत.

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "शांतवन, तेव्हा असं करायचं नसतं. माणसं जमली की हसत यावं, हात वर करावेत, हालेलुया म्हणावं. देवाने मोठी कृपा केली, असं सांगावं."

"चुकलं. पुढच्या वेळी तसं करतो."

गुरुवारी जखऱ्याआबा वारले. नव्वदी उलटली होती. दफनभूमीत सारा गाव जमला. पेटी खड्ड्यात उतरली आणि शांतवन हसत पुढे आला, हात वर केले. "हालेलुया. देवाने मोठी कृपा केली."

आमेन फक्त आबांच्या सुनेने म्हटलं.

"शांतवन," पाळकसाहेब अगदी हळू म्हणाले, "माणूस आडवा पडलाय आणि भोवती लोक रडतायत असं दिसलं, की आपणही रडावं. मूठभर माती घ्यावी, त्याच्यावर टाकावी, मातीला माती म्हणावं आणि गप घरी जावं."

"चुकलं. पुढच्या वेळी तसं करतो."

शुक्रवार उजाडला. आठ दिवस संपले. आत्या सकाळपासून शेळीकडे बघत नव्हती. दुपारी शांतवन शेळीला घेऊन शेवटच्या सभेला गेला आणि रांगेत उभा राहिला.

ब्रदर आमोस प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून जरा ढकलत होते. माणूस अंगात आत्मा उतरल्यासारखा धाडकन मागे पडत होता. दोघे जण त्याला झेलून सतरंजीवर निजवत होते. भोवती लोक रडत होते. पंच रणदिवे पडले. साळवे गुरुजी पडले; ते घोरायलाही लागले. आठ जण झाले, तेव्हा ब्रदर आमोसांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि तेही पडले.

शांतवनने या वेळी चूक केली नाही. तो आधी रडला. मग मंचावरच्या झेंडूच्या कुंडीत हात घातला आणि सतरंजीवरून निघाला. मातीला माती. मातीला माती.

एकेक जण ठसकत उठून बसला. ब्रदर आमोसांचं तोंड उघडंच होतं. ते सगळ्यांत शेवटी उठले आणि पवित्र शास्त्रात कुठेही नसलेले दोन शब्द बोलले.

शांतवन सांगितल्याप्रमाणे गप घरी आला. शेळीही आली. पाळकसाहेब दारात आत्याची समजूत घालत बसले होते.

"शेळी परत कशी आणलीस?" आत्याने विचारलं.

"मिळालं ना, आत्या. पाळकसाहेबांच्याच शिकवणीने मिळालं. तिथे नऊ माणसं मेली होती. मी एकेक मूठ माती टाकली. नऊच्या नऊ उठली."

आत्याने शेळीला खुंट्याला बांधलं आणि दुहेरी गाठ मारली. तेवढ्यात शांतवनने कोपऱ्यातलं फावडं खांद्यावर घेतलं.

"आता कुठे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"दफनभूमीत. जखऱ्याआबांवर तुम्ही माती फार घातलीत. मूठभर ठेवतो, बाकीची काढून येतो."