ढबीचा डराव

या, बसा मांडीवर. पाय हलवायचे नाहीत. बरं, थोडे हलवा.

एक होतं तळं. तळ्यात राहायची एक बेडकुली. तिचं नाव ढबी. ढबी अंगठ्याएवढी, पण तिचा आवाज हंड्याएवढा. डराव, डराव, डराव.

एका सकाळी ढबीने तोंड उघडलं. डराव आलाच नाही. आला खोकला. खॉक् खॉक् खॉक्.

आईने कोमट पाणी दिलं. "घोट घोट पी हं." ढबी प्यायली. गुपचूप पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी, खॉक् खॉक् खॉक्. तिसऱ्या दिवशीही, खॉक् खॉक् खॉक्. ढबीला रडू आलं. पण रडायलाही आवाज नव्हता बिचारीला.

आई म्हणाली, "बाळा, तुळशीचं पान चावून बघ. मी आलेच तुझ्या भावंडांना आंघोळ घालून." भावंडं होती सत्तेचाळीस. त्यामुळे आई काही लवकर आली नाही.

ढबी निघाली. टप्प टप्प टप्प. तुळशीकडे आली.

"तुळसाबाई, तुळसाबाई, एक पान दे. खॉक् खॉक् खॉक्."

"अगबाई, ठसका लागला? कुणीतरी आठवण काढली तुझी," तुळस म्हणाली. ठसका लागला की सगळे असंच म्हणतात. तुमची आईसुद्धा म्हणते.

"आठवण नाही गं, खोकला आहे. माझा डराव येईना."

"पान देईन. पण मला आधी पाणी हवं. जा झारीकडे."

ढबी निघाली. टप्प टप्प टप्प. झारीकडे आली.

"झारीताई, झारीताई, पाणी दे. खॉक् खॉक् खॉक्."

"अगबाई, ठसका लागला? कुणीतरी आठवण काढली तुझी."

"आठवण नाही गं, खोकला आहे. तुळस पान देईना, माझा डराव येईना."

"पाणी देईन. पण माझ्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलंय. ते आधी काढायला हवं. जा कोळ्याकडे."

ढबी निघाली. टप्प, टप्प, टप्प. आठ पायांच्या कोळ्याकडे आली.

"कोळीदादा, कोळीदादा, जाळं काढ. खॉक् खॉक् खॉक्."

"अरेच्चा, ठसका लागला? कुणीतरी आठवण काढली तुझी."

"आठवण नाही रे, खोकला आहे. झारी पाणी देईना, तुळस पान देईना, माझा डराव येईना."

"जाळं काढीन. पण मला आधी दुसरी जागा हवी. मी काय हवेत लटकू? जा शेवग्याकडे."

ढबी निघाली. टप्प. टप्प. टप्प. शेवग्याच्या झाडाखाली आली.

"शेवगेदादा, शेवगेदादा, कोळ्याला जागा दे. खॉक् खॉक् खॉक्."

"अरेच्चा, ठसका लागला? कुणीतरी आठवण काढली तुझी."

"आठवण नाही रे, खोकला आहे. कोळी जाळं काढीना, झारी पाणी देईना, तुळस पान देईना, माझा डराव येईना."

"जागा देईन. पण ती शेळी बघ, माझी फांदी खातेय. तिला आधी थांबव."

शेळी तिथेच होती. कचर कचर कचर. पण तेवढ्यानेही ढबी दमली. टप्प. थांबली. टप्प. पुन्हा थांबली.

"शेळीमावशी, शेळीमावशी, फांदी खाऊ नको. खॉक् खॉक् खॉक्."

"अगबाई, ठसका लागला? कुणीतरी आठ…" म्हणता म्हणता शेळी गप्प झाली. कारण ढबी सांगत होती, "शेवगा जागा… कोळी जाळं… खॉक्… झारी… तुळस पान… तीन दिवस… खॉक् खॉक्…" आणि पुढे तिला बोलताच येईना.

शेळीने कचर कचर थांबवलं. खाली वाकून पाहिलं. ढबीचं पोट भरभर, भरभर उडत होतं.

"आठवण अशी तीन तीन दिवस कुणी काढत नाही," शेळी म्हणाली. "आणि नुसत्या खोकल्याने अशी धाप लागत नाही. पान राहू दे. बस पाठीवर. डॉक्टरकडे जायचं."

टॉक टॉक, टॉक टॉक. शेळी पळाली. वाटेत आईला हाक मारली. आई सत्तेचाळीस जणांना "हलू नका" म्हणाली आणि मागोमाग धावली.

डॉक्टर होत्या कासवकाकू. त्या जेवतात सावकाश, चालतात सावकाश. पण ढबीला बघितलं आणि काकू चटकन उठल्या.

शेळीने सगळं सांगितलं. "शेवगा जागा देईना, कोळी जाळं काढीना, झारी पाणी देईना, तुळस पान देईना, हिचा डराव येईना."

ढबीने हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला आधी काय हवं?"

"मला? मला तुझी जीभ हवी. आ कर."

ढबीने आ केला. जीभ बाहेर आली, ती येतच राहिली. बेडकाची जीभ ती. काकू म्हणाल्या, "पुरे, पुरे."

मग काकूंनी पाठीला कान लावला. श्वास मोजले. औषध दिलं, कडू, पण एकच चमचा.

"मी पान आणायला पाठवलं हो हिला," आई म्हणाली. तिला फार वाईट वाटलं.

"खोकला घशाची झाडलोट करतो. साधा असला तर कोमट पाणी आणि आराम पुरतो," काकू म्हणाल्या. "पण श्वास भरभर चालला, बोलताना धाप लागली, पाणी पिववेना, की घरी थांबायचं नाही. लगेच इकडे यायचं. आता आणलीत ना, झालं तर मग."

तिकडे काय झालं? शेळीने फांदी सोडली. शेवग्याने जागा दिली. कोळ्याने जाळं काढलं. झारीने पाणी दिलं. तुळशीने पान दिलं, एक नाही, दोन.

पण डराव आला का? त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. ढबी औषध घ्यायची, तोंड वाकडं करायची, आईच्या कुशीत पडून राहायची. पोट हळूहळू शांत झालं. खॉक् खॉक् खॉक्चं झालं खॉक् खॉक्. मग नुसतं खॉक्. मग तेही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी आईने भावंडांना निजवलं. एकेक करून, सत्तेचाळीस. ढबीने तोंड उघडलं. आधी आलं "ड". मग "डर". आणि मग,

डराव!

सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जण टक्क जागे झाले.

आई रागावली नाही. तिने ढबीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पुन्हा म्हण गं."