माझ्याकडे, तुमच्याकडे

"दांडा तुमच्याही हाताशी होता, सर. मग तुम्ही का नाही सावरलंत?"

सत्यजित खर्डेकरने दारातूनच विचारलं. तब्येत कशी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यातल्या खाटेवर मुजावर सर होते. हेलिकॉप्टर उडवायला शिकवण्यात त्यांचे केस पिकले होते. डावा हात प्लास्टरमध्ये, आणि चेहरा मात्र लग्नघरातल्या माणसासारखा खुललेला.

"बस," ते म्हणाले. "दोघांचीही डोकी जागेवर आहेत. आधी चहा घेऊ."

आदल्या दिवशी माळावर सराव होता. इंजिन बंद पडलंय असं समजून उतरायचं. इंजिनाचा जोर काढून घेतात, नुसत्या वाऱ्यावर पंखा फिरत राहतो आणि हेलिकॉप्टर खाली येतं. हेलिकॉप्टर उचलणारा दांडा दोघांच्याही बाजूला असतो, एक हलला की दुसराही हलतो; तो तोवर खालीच ठेवायचा. जमीन अगदी जवळ आली की वर ओढायचा, तोही एकदाच. पंख्यात तेवढीच ताकद उरलेली असते.

सत्यजितने तो लवकर ओढला. हेलिकॉप्टर धाडकन आदळलं, शेपूट तुटली, आणि ते कुशीवर कलंडलं. दोघे रांगत बाहेर आले. देव तारी त्याला कोण मारी, दुसरं काय म्हणणार?

"उद्या चौकशी आहे," सत्यजित म्हणाला. "दांडा मी लवकर ओढला, हे सांगेन. पण शिकवणाऱ्याने वेळेवर हात घालायला नको? माझं एकट्याचं उडणं का बंद व्हावं?"

हा पठ्ठ्या वर्गात पहिला होता, आणि ते कुणाला विसरू देत नसे.

सरांच्या पत्नी, हसीनाकाकू, थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यांत ओतत होत्या. काठोकाठ भरलेला पेला त्यांनी सरांपुढे धरला.

"धरलात?"

"धरला."

"सोडू?"

"सोड."

मगच त्यांनी बोटं काढली. सरांनी तो पेला तसाच सत्यजितपुढे केला.

"धरलास?"

"धरला, सर."

"सोडू?"

"सोडा."

सरांनी सोडला नाही. सत्यजितने ओढला. सरांनीही ओढला. चहा हिंदकळला आणि दोघांच्या हातांवर सांडला.

"सर, अहो सोडा ना! मी धरलाय ना!"

स्वतःचेच शब्द ऐकले आणि सत्यजितचा हात तसाच राहिला. त्याचं तोंड उतरलं.

"तुम्ही म्हणाला होतात," तो हळूच म्हणाला. "'माझ्याकडे' म्हणाला होतात."

उडताना हा नियमच असतो. शिकवणारा "माझ्याकडे" म्हणाला की शिकणाऱ्याने "तुमच्याकडे" म्हणायचं आणि हात काढून घ्यायचे.

"आणि तू काय म्हणालास?"

"'मी आणतोय ना, सर'... तुम्ही दांडा खाली दाबत होतात. मी वर धरून बसलो."

आणि एवढा मोठा गडी हमसून हमसून रडायला लागला.

"रड बाबा," सर म्हणाले. "जिवंत माणसालाच जमतं ते." काकूंनी फडक्याने दोघांचे हात पुसले.

चौकशीत सत्यजितने सगळं जसंच्या तसं सांगितलं. लोकांना वाटलं, आता याचा गाशा गुंडाळला. त्यालाही तसंच वाटलं. पण त्या रात्री, अपघातानंतर पहिल्यांदाच, त्याला गाढ झोप लागली.

त्याचं उडणं बंद झालं, पण कायमचं नाही. सरांचं प्लास्टर निघालं, हातात बळ आलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी निरोप धाडला, "खर्डेकरला पाठवा."

तोच माळ. तोच सराव. सरांनी इंजिनाचा जोर काढला. हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं. सत्यजित छान आणत होता. काहीच चुकत नव्हतं.

"माझ्याकडे," सर म्हणाले.

सत्यजितच्या जिवावर आलं. एवढं चांगलं जमत होतं...

"तुमच्याकडे, सर."

त्याने हात मांडीवर ठेवले. सरांनी हेलिकॉप्टर अलगद टेकवलं. गवताची पाती तेवढी हलली.

सत्यजितने सरांकडे पाहिलं. मग तो हसला, आणि सरही हसले.

सरांनी हेलिकॉप्टर पुन्हा वर नेलं. माळ खाली लहान झाला. त्यांनी इंजिनाचा जोर काढला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"तुझ्याकडे."